लॅबमधल्या सगळ्या संगणकांवर नेटवर्कवरून डेबियन कसं बसवायचं

वीस-पंचवीस संगणकांच्या लॅबमध्ये पेनड्राइव्ह घेऊन एकेका मशीनपाशी बसण्यापेक्षा नेटवर्कवरून इन्स्टॉल करणं कितीतरी सोयीचं. तरी बहुतेकांचं गाडं इन्स्टॉलरचा पडदा दिसायच्या आधीच अडतं. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: सर्व्हरवर सगळं एकदम बसवलं जातं, मग एक मशीन चालू करून पाहिलं जातं, आणि पडदा काळाच राहिला की चूक केबलची, पत्त्याची, फाइलीची की बायोसची हे कळायला मार्ग उरत नाही. खाली दिलेला क्रम त्यासाठीच आहे. एक टप्पा तपासून झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

उदाहरण डेबियन १३ चं (डेबियन ही लिनक्सची एक मोफत आवृत्ती) घेतलं आहे, सर्व्हरवरही डेबियनच धरलं आहे. कमांड, फाइली आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लिपीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांनी टाइप करायची.

## आधी एवढं डोक्यात बसवा

मशीन चालू झालं की नेटवर्क कार्डातला पीएक्सई नावाचा छोटा प्रोग्रॅम नेटवर्कवर हाक मारतो: मला पत्ता द्या. डीएचसीपी सर्व्हर पत्ता देतो आणि सोबत एका बूट फाइलीचं नाव सांगतो. मशीन ती फाइल टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने ओढून घेतं. ती फाइल मेनू दाखवते, मेनूतून कर्नल (सिस्टमचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) येतात, इन्स्टॉलर सुरू होतो, आणि तिथून पुढची पॅकेजं एचटीटीपीने येतात. पत्ता, फाइल, मेनू, कर्नल, पॅकेजं. बिघाड झाला की यातली शेवटची कोणती गोष्ट नीट झाली ते आधी शोधा, म्हणजे त्याच्या पुढचीच कडी तपासायची राहते.

## टप्पा १ : सामान

सर्व्हर म्हणून कोणताही साधा ६४-बिट संगणक चालतो. त्याला नेटवर्कची दोन तोंडं हवीत: एक इंटरनेटकडे, दुसरं लॅबच्या स्विचकडे. इंटरनेटकडचं वाय-फाय असलं तरी चालेल. लॅबकडचं मात्र केबलचंच हवं. गिगाबिट स्विच, कॅट ५ई किंवा त्यावरच्या केबली, आणि सर्व्हर व स्विच या दोघांना यूपीएस. मध्येच वीज गेली तर एखादं मशीन अर्धवट राहील, ते पुन्हा पहिल्यापासून करता येतं. पण सर्व्हर बंद पडला तर चालू असलेली सगळी मशीनं एकदम लटकतात.

पीएक्सई वाय-फायवर चालत नाही. लॅनचं तोंड नसलेल्या लॅपटॉपला यूएसबी-लॅन अडॅप्टर लावता येतो, पण मशीनच्या फर्मवेअरला (बायोससारख्या आतल्या प्रोग्रॅमला) तो अडॅप्टर ओळखता आला तरच. तो ओळखला जातो का, हे एका लॅपटॉपवर आधी पाहा आणि मगच डझनभर अडॅप्टर विकत घ्या.

लॅबमधली सगळ्यात जुनी मशीनंही आत्ताच पाहून ठेवा. डेबियन १३ मध्ये ३२-बिट मशीनसाठी इन्स्टॉलरच नाही. तसला प्रोसेसर असेल तर त्या मशीनला डेबियन १२ ची वेगळी फाइल लागेल.

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय: लॅबचा स्विच इमारतीच्या बाकी नेटवर्कपासून तोडा. राउटरकडे जाणारी केबल काढा. एकाच नेटवर्कवर दोन डीएचसीपी सर्व्हर असले की जो आधी उत्तर देतो त्याचा पत्ता मशीन घेतं. मग दहातली चार मशीनं बूट होतात, सहा होत नाहीत, आणि पुढच्या वेळी वेगळीच चार होतात. त्याहून वाईट म्हणजे ऑफिसातले संगणक तुमच्या सर्व्हरकडून पत्ता घेऊन बसतात आणि त्यांचं इंटरनेट बंद पडतं. डीएनएसमास्क या आपण वापरणार असलेल्या डीएचसीपी प्रोग्रॅमला (टप्पा ५) राउटरच्या डीएचसीपीशेजारी प्रॉक्सी म्हणून चालवता येतं, पण पहिल्या वेळी त्या वाटेला जाऊ नका.

तपासा: सर्व्हर बंद ठेवून एखादा विंडोज लॅपटॉप लॅबच्या स्विचला केबलने जोडा. त्याला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला, तर स्विचवर दुसरा डीएचसीपी नाही. १९२.१६८ वगैरे पत्ता मिळाला, तर कुठूनतरी राउटर अजून जोडलेला आहे. बऱ्याचदा भिंतीतल्या सॉकेटमधून एक केबल परत मुख्य स्विचला गेलेली असते.

स्विच मॅनेज्ड प्रकारचा असेल तर आणखी एक काम आहे. स्पॅनिंग ट्री (केबलींचं वेटोळं टाळणारी सोय) चालू असलेला पोर्ट लिंक आल्यावर जवळपास ३० सेकंद काहीच पुढे पाठवत नाही. तोवर पीएक्सई वाट पाहून थकतं आणि मशीन हार्ड डिस्ककडे वळतं. अशा पोर्टांवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट चालू करा. साध्या अनमॅनेज्ड स्विचला हा त्रास नाही.

## टप्पा २ : प्रत्येक मशीनचं बायोस

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून लोक ते टाळतात आणि नंतर अर्धा दिवस सर्व्हरमध्ये चूक शोधत बसतात. प्रत्येक मशीनवर एवढं पाहायचं:

- नवीन मशीनमध्ये नेटवर्क स्टॅक आणि त्याखालचं आयपीव्ही४ पीएक्सई चालू करा. जुन्या मशीनमध्ये ऑनबोर्ड लॅन बूट रॉम किंवा तत्सम नाव असतं.
- डिस्क कंट्रोलर रेड किंवा आरएसटीवर असेल तर एएचसीआयवर आणा. तसं केलं नाही तर काही मशीनवर इन्स्टॉलरला एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही. मशीनवर जुनं विंडोज ठेवायचं असेल तर हे सेटिंग बदलल्यावर ते सुरू होणार नाही, हे लक्षात घ्या.
- तारीख आणि वेळ पाहा. जुन्या मशीनची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते आणि घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं. डेबियन प्रत्येक पॅकेज यादीची सही तपासतं. घड्याळ मागे असेल तर ती सही भविष्यातली ठरते आणि इन्स्टॉलेशन मिररपाशी (पॅकेजं जिथून येतात त्या सर्व्हरपाशी) अडतं. पडद्यावर मात्र दोष मिररचा दिसतो. बॅटरी बदला, निदान तारीख तरी नीट करा.
- सिक्युअर बूट बंद करायची गरज सहसा नसते, डेबियनच्या बूट फाइली सही केलेल्या आहेत. काही नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या थर्ड पार्टी सीएला परवानगी देणारा वेगळा पर्याय बंद असतो. तिथे तो चालू करावा लागतो.

इशारा: बूट क्रमात नेटवर्क पहिलं ठेवू नका. तसं ठेवलं आणि मेनू आपोआप इन्स्टॉलेशन सुरू करणारा असला, तर मशीन इन्स्टॉल होऊन रीबूट झाल्यावर पुन्हा नेटवर्कवरून बूट होईल आणि नुकतीच भरलेली डिस्क पुन्हा पुसेल. हे चक्र कुणी थांबवेपर्यंत चालतं. त्याऐवजी एकवेळचा बूट मेनू वापरा: डेल आणि लेनोव्होच्या डेस्कटॉपवर एफ१२, एचपीवर एफ९. एसरवर एफ१२ चा मेनू बऱ्याचदा बायोसमधून आधी चालू करावा लागतो.

त्या मेनूत यूईएफआय पीएक्सई आयपीव्ही४ असं जे दिसतं तेच निवडा. यूईएफआय म्हणजे नव्या मशीनमधलं, जुन्या बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर. शेजारी आयपीव्ही६ आणि एचटीटीपी बूट असे पर्याय असतात. ते या मांडणीत चालणार नाहीत.

## टप्पा ३ : सर्व्हरचं लॅबकडचं कार्ड

या कार्डाला कायमचा पत्ता द्या: १९२.१६८.५०.१, नेटमास्क २५५.२५५.२५५.०. मुद्दाम ५० घेतलं, कारण घरातले आणि ऑफिसातले राउटर बहुधा ० किंवा १ वापरतात आणि दोन्ही कार्डांवर एकच नेटवर्क आलं की सर्व्हर गोंधळतो.

गेटवेची जागा रिकामी ठेवा. इथे गेटवे भरला की सर्व्हर इंटरनेटसाठी लॅबच्या स्विचकडे वळतो आणि त्याचं स्वतःचं इंटरनेट जातं.

कार्डाचं खरं नाव "आयपी ए" या कमांडने पाहा आणि लिहून ठेवा. ते ईएनपी३एस० सारखं काहीतरी असतं. यूएसबी अडॅप्टरचं नाव लांबलचक असतं. पुढे हेच नाव एका अक्षराने चुकलं तरी सर्व्हर गप्प बसतो.

सर्व्हरवर फायरवॉल असेल तर लॅबच्या कार्डावरून येणाऱ्या सगळ्याला परवानगी द्या. फक्त यूडीपी ६९ उघडून भागत नाही. टीएफटीपीची पहिली विनंती ६९ वर येते, पण पुढचा सगळा डेटा दुसऱ्याच मोठ्या क्रमांकाच्या पोर्टवरून जातो. स्विच बाकी जगापासून तोडलेला असल्याने एवढी मोकळीक इथे चालते.

## टप्पा ४ : बूट फाइली

डेबियनच्या मिररवर डिस्ट्स, ट्रिक्सी (डेबियन १३ चं टोपणनाव), मेन, इन्स्टॉलर-एएमडी६४, करंट, इमेजेस, नेटबूट अशा क्रमाने फोल्डर उघडत गेलं की नेटबूट.टार.जीझेड ही फाइल मिळते. तिची चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेली खूण) इमेजेस फोल्डरातल्या एसएचए२५६ यादीशी ताडून पाहा.

सर्व्हरवर /एसआरव्ही/टीएफटीपी हे फोल्डर करा, त्यात जा आणि तिथेच टार -एक्सझेडएफ ने ती उघडा. विंडोजवर उघडून पेनड्राइव्हने फाइली आणू नका. पीएक्सईलिनक्स.० आणि पीएक्सईलिनक्स.सीएफजी या वरच्या पातळीवरच्या नोंदी म्हणजे खऱ्या फाइली नसून आतल्या फोल्डरकडे बोट दाखवणारे दुवे आहेत. पेनड्राइव्हच्या फॅट फाइलसिस्टमवर ते टिकत नाहीत.

तपासा: एलएस -एल केल्यावर या नावांपुढे बाण दिसले पाहिजेत. डेबियन-इन्स्टॉलर/एएमडी६४ या फोल्डरात लिनक्स, इनिटआरडी.जीझेड, बूटनेटएक्स६४.ईएफआय आणि ग्रबएक्स६४.ईएफआय या चारही फाइली हव्यात. सगळ्या फाइली सर्वांना वाचता येतील अशा असू द्या. डीएनएसमास्क स्वतःच्या वेगळ्या यूजरने चालतो, रूटच्या खासगी फाइली त्याला दिसत नाहीत.

नेटबूट इमेजमध्ये मालकीचं फर्मवेअर नसतं. साध्या डेस्कटॉपमधली बहुतेक रियलटेक आणि इंटेल लॅन कार्डं त्याशिवाय चालतात. पण इन्स्टॉलर सुरू झाल्यावर नेटवर्क कार्ड सापडलं नाही असं म्हणाला, तर डेबियनची फर्मवेअर.सीपीआयओ.जीझेड ही फाइल कॅट कमांडने इनिटआरडीच्या शेपटाला जोडावी लागते. आधी मूळ इनिटआरडीची प्रत काढून ठेवा.

## टप्पा ५ : डीएनएसमास्क

पत्ता देणं आणि फाइल देणं ही दोन्ही कामं डीएनएसमास्क एकटा करतो. तो ॲप्टने (डेबियनच्या पॅकेजं बसवायच्या कमांडने) बसवा आणि /ईटीसी/डीएनएसमास्क.डी या फोल्डरात लॅब.कॉन्फ नावाची फाइल करून तिच्यात पुढच्या ओळी लिहा:

1. इंटरफेस= आणि पुढे लॅबच्या कार्डाचं नाव.
2. बाइंड-इंटरफेसेस. ही ओळ विसरली तर उबुंटू सर्व्हरवर डीएनएसमास्क सुरूच होत नाही, कारण ५३ क्रमांकाचा पोर्ट तिथे आधीच दुसऱ्याने धरलेला असतो.
3. डीएचसीपी-रेंज=१९२.१६८.५०.१००,१९२.१६८.५०.२००,२५५.२५५.२५५.०,२एच
4. इनेबल-टीएफटीपी
5. टीएफटीपी-रूट=/एसआरव्ही/टीएफटीपी
6. डीएचसीपी-मॅच=सेट:ईएफआय६४,ऑप्शन:क्लायंट-आर्क,७
7. हीच ओळ पुन्हा, शेवटी ७ ऐवजी ९.
8. डीएचसीपी-बूट=टॅग:!ईएफआय६४,पीएक्सईलिनक्स.०
9. डीएचसीपी-बूट=टॅग:ईएफआय६४,डेबियन-इन्स्टॉलर/एएमडी६४/बूटनेटएक्स६४.ईएफआय
10. लॉग-डीएचसीपी

सहावी ते नववी ओळ नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. जुनं बायोसवालं मशीन आणि नवं यूईएफआयवालं मशीन यांना वेगवेगळी बूट फाइल लागते. मशीन पत्ता मागतानाच आपली जात एका आकड्याने सांगतं: बायोस असेल तर ०, ६४-बिट यूईएफआय असेल तर ७, क्वचित ९. एकच फाइल सगळ्यांना दिली की अर्धी लॅब बूट होते आणि उरलेली अर्धी फाइल उतरवूनही काही न करता बाहेर पडते. बूटनेटएक्स६४ पुढची ग्रबएक्स६४ ही फाइल स्वतःच्याच फोल्डरात शोधते, म्हणून तिचा पूर्ण मार्ग द्यायचा आणि तिला उचलून दुसरीकडे ठेवायचं नाही.

पत्त्यांचा साठा मशीनच्या संख्येच्या तिप्पट ठेवा. तेच मशीन पीएक्सई असताना एक ओळख सांगतं आणि इन्स्टॉलर सुरू झाल्यावर दुसरी. म्हणून एका मशीनला दोन पत्ते जातात. तीस मशीनला तीसच पत्ते ठेवले तर निम्म्यावर साठा संपतो.

तपासा: डीएनएसमास्क --टेस्ट चालवा, सिंटॅक्स ओके असं उत्तर आलं पाहिजे. मग सर्व्हिस रीस्टार्ट करा.

## टप्पा ६ : एक मशीन, एक लॉग

आता लॅबमधलं एकच मशीन घ्या. सर्व्हरवर जर्नलसीटीएल -यू डीएनएसमास्क -एफ चालू ठेवा आणि मशीन नेटवर्कवरून बूट करा. लॉग वाचायची सवय इथेच लावून घ्या, पुढची सगळी अडचण यातूनच सुटते.

सगळं नीट असेल तर क्रमाने डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक हे चार शब्द दिसतात. त्यानंतर सेंट आणि पुढे फाइलीचं नाव व मशीनचा पत्ता.

घाबरवणाऱ्या पण निरुपद्रवी दोन गोष्टी इथे दिसतात. पहिली: फाइल जाण्याच्या आधी टीएफटीपी अबॉर्टेड किंवा यूजर अबॉर्टेड अशी एरर. मशीन आधी फक्त फाइलीचा आकार विचारतं, आकार कळला की ती विनंती सोडून देतं आणि मग खरी मागणी करतं. दुसरी: बायोस मशीनवर फाइल नॉट फाउंडच्या ओळींची रांग. पीएक्सईलिनक्स आपली सेटिंग फाइल आधी मशीनच्या ओळख क्रमांकाने शोधतो, मग लॅन कार्डाच्या मॅक पत्त्याने, मग आयपी पत्ता हेक्समध्ये लिहून. १९२.१६८.५०.१०१ असेल तर सी०ए८३२६५, मग शेवटचं एकेक अक्षर गाळत, आणि सगळ्यात शेवटी डीफॉल्ट नावाने. रांगेच्या शेवटी डीफॉल्ट सापडलं की झालं.

पडद्यावर मेनूऐवजी कोड दिसला तर:

- पीएक्सई-ई६१ : केबल किंवा पोर्ट. सर्व्हरकडे पाहूही नका, केबल बदला.
- पीएक्सई-ई५१, यूईएफआयवर ई१६ : पत्ताच मिळाला नाही. लॉगमध्ये डिस्कव्हरसुद्धा नसेल तर स्विच, स्पॅनिंग ट्री किंवा चुकलेलं इंटरफेसचं नाव. डिस्कव्हर आहे पण ऑफर नाही, तर डीएचसीपी-रेंजची ओळ किंवा संपलेला साठा.
- पीएक्सई-ई५३ : पत्ता मिळाला, फाइलीचं नाव नाही. डीएचसीपी-बूटची ओळ चुकली, किंवा उत्तर दुसऱ्याच डीएचसीपीने दिलं. पडद्यावरचा पत्ता ५० च्या नेटवर्कमधला आहे का ते पाहा.
- पीएक्सई-ई३२ : टीएफटीपीचं उत्तर नाही. जवळजवळ नेहमी फायरवॉल.
- पीएक्सई-टी०१, यूईएफआयवर ई२३ : सर्व्हर आहे, फाइल नाही. नाव, फोल्डर किंवा परवानग्या. लॉगमध्ये मागितलेला मार्ग अक्षरशः लिहिलेला असतो, तो डिस्कवरच्या मार्गाशी जुळवा.

डेबियनचा मेनू दिसला की थांबा. लॅबमध्ये बायोस आणि यूईएफआय अशी दोन्ही मशीनं असतील तर दुसऱ्या प्रकारचं एक मशीनही याच टप्प्यावर तपासून घ्या.

## टप्पा ७ : पॅकेजांचा साठा

इनिटआरडीमध्ये अख्खं डेबियन नसतं. बाकीची पॅकेजं मिररवरून येतात, आणि तीस मशीनने तीच पॅकेजं तीस वेळा इंटरनेटवरून ओढली तर दिवस जातो. म्हणून सर्व्हरवर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवा. तो ३१४२ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो, पहिल्या मशीनने मागितलेलं पॅकेज साठवतो आणि पुढच्यांना स्वतःकडून देतो. शिवाय इंटरनेट सर्व्हरपाशीच थांबतं, लॅबच्या मशीनला बाहेरची वाट करून द्यावी लागत नाही.

पहिल्या मशीनवर हाताने इन्स्टॉल करा. मिरर डेब.डेबियन.ऑर्ग निवडा, एचटीटीपीएस नको, साधं एचटीटीपीच. एचटीटीपीएसवरून आलेलं कॅशरला साठवता येत नाही. प्रॉक्सी विचारल्यावर एचटीटीपी://१९२.१६८.५०.१:३१४२ द्या.

कर्नल मॉड्यूल सापडले नाहीत असा लाल पडदा इथे आला तर गोंधळू नका. नेटबूटची फाइल काही महिन्यांपूर्वी उतरवलेली आहे, मधल्या काळात डेबियनचं किरकोळ अपडेट आलं, मिररवर नवं कर्नल आहे आणि तुमच्या टीएफटीपी फोल्डरात जुनं. दोघांचे मॉड्यूल जुळत नाहीत. नवी नेटबूट फाइल उतरवून टप्पा ४ पुन्हा करा, एवढाच उपाय. लोक इथे मिरर बदलत बसतात, त्याने काही होत नाही. मागच्या सुट्टीत नीट चाललेली मांडणी या सुट्टीत न चालण्याचं कारणही बहुधा हेच.

## टप्पा ८ : उत्तरांची फाइल

हाताने एक मशीन पूर्ण झालं, ते स्वतःच्या डिस्कवरून सुरू झालं, मगच प्रीसीड फाइलीला हात घाला. इन्स्टॉलर जे जे विचारतो त्याची उत्तरं या एका फाइलीत असतात. सर्व्हरवर अपाची२ हा वेब सर्व्हर बसवा आणि /व्हीएआर/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल मध्ये प्रीसीड.सीएफजी ठेवा. डेबियनच्या इन्स्टॉलेशन मार्गदर्शिकेत नमुना फाइल आहे, तिच्यावरूनच सुरुवात करा. कोऱ्या पानावरून लिहाल तर एखादं उत्तर राहतं आणि रात्री मशीन प्रश्न विचारत थांबतं.

नमुन्यात या जागा बदलायच्या:

- भाषा. इन्स्टॉलरसाठी ईएन_आयएन ठेवा (यातली शेवटची दोन अक्षरं मोठी). साध्या मजकुराच्या इन्स्टॉलरमध्ये देवनागरी नीट उमटत नाही. मराठी हवी असेल तर पॅकेजांच्या यादीत टास्क-मराठी-डेस्कटॉप आणि टायपिंगसाठी आयबस-एम१७एन घाला. इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार टायपिंग, दोन्ही त्यात मिळतं.
- वेळ. एशिया/कोलकाता (दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर मोठं). इंटरनेटवरून घड्याळ जुळवणं बंद ठेवा, कारण मशीनला बाहेरची वाट नाही आणि ते उगाच वाट पाहत बसेल.
- मिरर आणि प्रॉक्सी. मागच्या टप्प्यात हाताने दिलं तेच.
- डिस्क. सॅटा डिस्क /डेव्ह/एसडीए, एनव्हीएमई असेल तर /डेव्ह/एनव्हीएमई०एन१. लॅबमध्ये दोन्ही असतील तर दोन वेगळ्या प्रीसीड फाइली आणि मेनूत दोन नोंदी करा. ग्रब (सिस्टम सुरू करून देणारा बूट प्रोग्रॅम) कुठे बसवायचा तेही याच डिस्कशी जुळलं पाहिजे.
- पासवर्ड. उघडा लिहू नका, ही फाइल स्विचवरचा कुणीही ब्राउझरने वाचू शकतो. एमकेपासडब्ल्यूडीने त्याचं सांकेतिक रूप करा. ही कमांड हूइज पॅकेजमध्ये येते.

मशीनचं नाव मात्र प्रीसीडमध्ये लिहून उपयोग नाही. ही फाइल नेटवर्कवरून येते, म्हणजे ती वाचली जाईपर्यंत नेटवर्क आणि नाव दोन्ही ठरून गेलेलं असतं. नावं डीएनएसमास्ककडून द्या: प्रत्येक मशीनसाठी डीएचसीपी-होस्ट=, पुढे मॅक पत्ता, स्वल्पविराम आणि लॅब-०१ सारखं नाव. मॅक पत्ते टप्पा ६ च्या लॉगमध्ये आपोआप मिळतात. मशीन एकेक करून चालू केलीत तर कोणता पत्ता कोणत्या टेबलावरचा हेही कळतं.

आता मेनूतली नोंद. बायोससाठी डेबियन-इन्स्टॉलर/एएमडी६४/बूट-स्क्रीन्स मधली टीएक्सटी.सीएफजी, यूईएफआयसाठी त्याच एएमडी६४ फोल्डरातल्या ग्रब फोल्डरची ग्रब.सीएफजी. आहे ती नोंद तशीच ठेवून तिची प्रत खाली नव्या नावाने करा आणि तिच्या कर्नलच्या ओळीत घाला: ऑटो=ट्रू प्रायॉरिटी=क्रिटिकल यूआरएल=एचटीटीपी://१९२.१६८.५०.१/प्रीसीड.सीएफजी. त्या ओळीत तीन आडव्या रेघा असतात. हे शब्द रेघांच्या आधी आले पाहिजेत. रेघांनंतरचं सगळं बसवलेल्या सिस्टमच्या बूट ओळीत कायमचं जाऊन बसतं.

नव्या नोंदीचं नाव "पूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल" असं स्पष्ट द्या, मात्र इंग्रजीत लिहा, मेनूत देवनागरी दिसत नाही. ती डीफॉल्ट करू नका आणि मेनूला टाइमआउट लावू नका.

इशारा: प्रीसीडमध्ये पार्टिशनच्या प्रश्नाला होय असं उत्तर लिहिलं की इन्स्टॉलर पुन्हा विचारत नाही. विंडोज, मुलांचे प्रोजेक्ट, शिक्षकांच्या प्रश्नपत्रिका, सगळं जातं. लॅब करायच्या आधी प्रत्येक मशीनवरच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर काढा, आणि ती डिस्क लॅबमधून बाहेर नेऊन ठेवा. मशीनला लावलेला पेनड्राइव्हही काढा. कधीकधी तोच एसडीए ठरतो.

## टप्पा ९ : सगळी लॅब

प्रीसीडने आधी एकच मशीन पूर्ण करा. मग चार-पाच, मग बाकीची. पहिल्या मशीनने कॅशरचा साठा भरलेला असतो, म्हणून पुढची झपाट्याने होतात. डीएनएसमास्कची एकाच वेळी फाइल देण्याची मर्यादा मुळात ५० आहे. त्याहून मोठ्या लॅबमध्ये टीएफटीपी-मॅक्स वाढवा, किंवा तुकड्या करा.

एखादंच मशीन मध्ये अडकलं तर त्याच मशीनवर ऑल्ट आणि एफ४ दाबा, इन्स्टॉलरचा लॉग दिसतो. शेवटच्या दहा ओळींत कारण सहसा मिळतं: डिस्क सापडली नाही, सही जुळली नाही, किंवा पॅकेजाचं नाव प्रीसीडमध्ये चुकलं. सगळ्याच मशीनवर एकदम एकाच जागी अडलं तर मशीन सोडा आणि सर्व्हरची डिस्क भरली का ते आधी पाहा.

## टप्पा १० : स्विच परत जोडण्याआधी

1. डीएनएसमास्क थांबवा आणि डिसेबल करा. नुसता थांबवला तर सर्व्हर पुढच्या वेळी चालू होताच तो पुन्हा पत्ते वाटायला लागेल, तेही आता इमारतीच्या नेटवर्कवर.
2. प्रत्येक मशीनवर /ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ उघडा. प्रीसीडमध्ये दिलेली प्रॉक्सी इन्स्टॉलर तिथे कायमची लिहून ठेवतो. ती ओळ राहिली तर नव्या नेटवर्कवर एकही अपडेट येणार नाही. हे तीस वेळा हाताने करायचं नसेल तर प्रीसीडमधल्या लेट कमांडमध्येच (इन्स्टॉलेशनच्या शेवटी चालणाऱ्या कमांडमध्ये) ती ओळ काढणारी कमांड घाला.
3. आता मुख्य केबल जोडा, दोन-तीन मशीनवर ॲप्ट अपडेट चालवून पाहा.
4. बायोसमध्ये नेटवर्क बूट बंद करा आणि बायोसला पासवर्ड लावा.